सात रात्री, नऊ ठिकाणं आणि सासूबाईंचा गुडघा: श्रीलंकेचा बेत कसा आखावा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्याकडून काही सुटलं असेल तर तुमच्या लक्षात येईल. २४ ते ३१ डिसेंबर, सात रात्री. तुम्ही दोघं, ९ वर्षांचा मुलगा, सासरे ७१, सासूबाई ६७ आणि त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. घर शाकाहारी. एजंटाने आखलेल्या बेतात अनुराधपूर, सिगिरिया, त्रिंकोमाली, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला, मिरिस्सा आणि गॉल, म्हणजे नऊ ठिकाणं आणि सहा हॉटेलं. सासऱ्यांना अशोकवन बघायचंय, मुलाला हत्ती. आणि तुम्ही विचारताय, "देश एवढासा आहे, सगळं होईल ना?"

होईल, पण गाडीच्या काचेतून.

मी २०१० पासून श्रीलंकेला छोटे गट घेऊन जातो. बहुतेक तुमच्यासारखीच कुटुंबं, तीन पिढ्या एका व्हॅनमध्ये. "देश एवढासा आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर वेगळा अधिभार लावावा असं वाटतं. क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम पाचवा हिस्सा, हे खरं. पण दक्षिणेकडचा आणि विमानतळाजवळचा द्रुतगती मार्ग सोडला तर रस्ते बहुतांशी दुपदरी, गावाला गाव लागलेलं, मध्ये तीनचाकी, शाळा सुटलेली पोरं आणि कशाचीही पर्वा न करणाऱ्या बसगाड्या. तासाला ३५-४० किलोमीटर धरा, डोंगरात त्याहूनही कमी. तुमच्या एजंटाच्या बेतातला नुसता प्रवास मी बेरीज करून बघितला. २८ तासांच्या आसपास जातो, त्यात चहाला आणि लघवीला थांबणं धरलेलं नाही. सात दिवसांपैकी तीन-साडेतीन दिवस सासूबाई गुडघा दुमडून बसणार. तेव्हा प्रश्न किती ठिकाणं बघायची हा नाहीच, बॅगा किती वेळा भरायच्या हा आहे.

त्याच्याही आधी पाऊस बघावा लागतो. श्रीलंकेला दोन मोसमी पाऊस आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून, तो पश्चिम-दक्षिण किनारा आणि डोंगर भिजवतो. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येकडून, तो पूर्व आणि उत्तरेकडे पडतो. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुठेही, कधीही. म्हणजे तुमच्या तारखांना पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीचा समुद्र खवळलेला असणार. तिथला हंगाम मे ते सप्टेंबर. मी स्वतः हे डोकं आपटून शिकलोय. २०१२ च्या डिसेंबरात चौदा जणांना तिथे नेलं, हॉटेलवाल्याने फोनवर "ऊन आहे" सांगितलं होतं. दोन दिवस आम्ही व्हरांड्यात बसून भेंड्या खेळलो. कोणेश्वराच्या देवळात जाऊन आलो तेवढंच. त्रिंकोमाली डोळे मिटून काटा.

सिगिरिया-पोलोन्नरुवाच्या पट्ट्यातही डिसेंबरात सरी येतात, हे लपवत नाही. पण दिवसभराची झड क्वचित, आणि त्या पावसाचा एक फायदा आहे, तो पुढे सांगतो.

तुमच्या जागी मी असतो तर तीन मुक्काम केले असते. तीन रात्री हबरणा-सिगिरिया भागात, दोन कँडीत, दोन नुवारा एलियात. दक्षिण किनारा पूर्ण सोडला असता. मिरिस्साला डिसेंबर ते एप्रिल निळे देवमासे दिसतात, गॉलचा डच किल्ला मला स्वतःला फार आवडतो, तरीही. समुद्र तुम्हाला कोकणात मिळतो, आणि नऊ वर्षांच्या पोराला बोट लागली तर तुमची अख्खी सकाळ पिशव्या धरण्यात जाते. सासऱ्यांचं अशोकवन डोंगरात आहे, म्हणून डोंगर. अशी मागणी नसती आणि गुडघा ठणठणीत असता तर कदाचित उलटं सांगितलं असतं.

एक गोष्ट तुमच्या विमानावर अवलंबून आहे. विमानतळ कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, शहराच्या उत्तरेला. तिथून हबरणा सुमारे चार तास. विमान सकाळी उतरत असेल तर कोलंबोत न शिरता थेट निघा. रात्री उतरत असेल तर विमानतळाजवळ नेगोंबोला झोपा आणि हबरण्याची एक रात्र कमी करा. परतीचंही तसंच. नुवारा एलियाहून विमानतळ पाच-सहा तास. रात्रीचं विमान असेल तर ठीक, सकाळचं असेल तर शेवटची रात्र नेगोंबोतच.

आता सिगिरिया. सपाट रानातून अचानक वर आलेला जवळजवळ दोनशे मीटरचा खडक, वर पाचव्या शतकातल्या राजा कश्यपाच्या महालाचे अवशेष. पायऱ्या बाराशेच्या घरात, त्यातल्या बऱ्याच लोखंडी जिन्याच्या, आणि वरच्या टप्प्यात वारा अंगावर येतो. सासूबाईंनी चढू नये. सासऱ्यांनीही शेवटच्या जिन्यापाशी असलेल्या सिंहाच्या भल्यामोठ्या पंजांपर्यंत जाऊन परत यावं, अर्थात आधी डॉक्टरांशी बोलून. पण म्हणून दोघांना हॉटेलात ठेवू नका, ही चूक सगळे करतात. खडकाच्या पायथ्यापर्यंत कश्यपाच्या जलउद्यानातून सरळ सपाट वाट आहे. तिथे चुनखडीच्या गोल शिळा आहेत, वर बोटभर जाडीची भोकं पाडलेली. ती कारंजी. खालून दगडी नळीतून पाण्याचा दाब येतो. पुरेसा पाऊस झाला असेल तर ती आजही उमलतात, पंधराशे वर्षांनी, कुठलाही पंप नसताना. उन्हाळ्यात जाणाऱ्याला हे दिसत नाही. डिसेंबरच्या पावसाचा फायदा म्हणालो तो हा. आईंना तिथे एखाद्या झाडाखाली बसवा, तुम्ही तिघं सात वाजता चढायला लागा, नऊ-साडेनऊला खाली.

वर जाताना चित्रं लागतात. अजिंठा बघितलेला माणूस तिथे हमखास थबकतो, काळ जवळपास तोच. फोटो काढू देत नाहीत, वाद घालू नका. त्याच्याच पुढे आरशासारखी घोटलेली भिंत आहे. तिच्यावर हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या पर्यटकांनी त्या चित्रातल्या बायकांवर कविता कोरून ठेवल्यात. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. भिंतीवर नाव कोरणाऱ्यांना आपण शिव्या देतो, आणि इथे तेच जुनं झालं की वारसा होतं. मुलाला सांगा, पण खिशातलं पेन आधी काढून घ्या.

दुसऱ्या दिवशी पोलोन्नरुवा, म्हणजे जुन्या राजधानीचे अवशेष, हबरण्याहून तासभर. एजंटाच्या यादीत हे नाव नाही आणि अनुराधपूर आहे. माझी अदलाबदल करायची शिफारस आहे. अनुराधपूर मोठं, पवित्र, संघमित्रेने आणलेल्या बोधिवृक्षाचं. ते कापताना माझाही जीव थोडा खालीवर होतो. पण तिथे अंतरं मोठी, अनवाणी चालणं फार. पोलोन्नरुवात गाडी एकेका अवशेषाजवळ जाते, जमीन सपाट.

तिथलं गलविहार दहा मिनिटांत उरकू नका. एका सलग खडकात बाराव्या शतकात, पराक्रमबाहू पहिला याच्या काळात, चार बुद्धमूर्ती कोरल्यात. शेवटची चौदा मीटरची, आडवी. समोर दगडावर बसून तिच्या उशीकडे बघा. डोक्याच्या भाराने उशी जराशी दबलीय, दगडाची उशी. मग पायांकडे या. वरचा पाय खालच्यापेक्षा किंचित मागे सरकलाय, दोन्ही अंगठे एका रेषेत नाहीत. झोपलेल्याचे पाय जुळलेले असतात, हे महापरिनिर्वाण आहे, असं तिथले वाटाडे सांगतात. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातही परिनिर्वाण आहे, साधारण याच्या निम्म्या लांबीचं. तिथे अंधार आणि खाली रडणारे शिष्य. इथे उजेड, आणि खडकाच्या नैसर्गिक करड्या रेघा चेहऱ्यावरून पाण्याच्या लाटेसारख्या गेलेल्या. माझ्या गटातल्या एका निवृत्त गणिताच्या बाई तिथे पाऊण तास बसल्या होत्या. पुढची दोन ठिकाणं मी आनंदाने रद्द केली.

चौथ्या दिवशी कँडीला जाण्याआधी दांबुल्लाची लेणी करतात सगळे. पाच गुहा, सुंदर छतं, पण चढ आहे. गुडघ्याने साथ दिली नाही तर त्याऐवजी पश्चिमेला वाट वाकडी करून कलावेवाला जा. वेवा म्हणजे तलाव, आपली वापी तीच. नकाशात हा नुसता तलाव आहे, एजंट कधी नेत नाहीत. पण सिगिरियाची गोष्ट इथे पुरी होते. कश्यपाचा बाप धातुसेन, त्याने हा तलाव बांधला. मुलाने त्याला कैद केलं आणि खजिना कुठे लपवलाय ते सांग म्हणून छळ मांडला. चूलवंसात, म्हणजे तिथल्या जुन्या बखरीत, असं आहे की म्हातारा म्हणाला, दाखवतो, कलावेवाला घेऊन चल. पाण्यात उतरला, आंघोळ केली, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, एवढीच माझी दौलत. पोराने त्याला भिंतीत चिणून मारलं. मग भावाच्या भीतीने सिगिरियाच्या खडकावर जाऊन राहिला. या तलावातून अनुराधपूरला पाणी नेणारा एक जुना कालवा आहे, सुमारे ८७ किलोमीटरचा. त्याच्या सुरुवातीच्या लांब टप्प्यात उतार किलोमीटरला दहा सेंटीमीटर, आणि ही आखणी पाचव्या शतकातली. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिलेत त्यांना या देशाचा पाठकणा लगेच कळतो. इथे इतिहास आणि निसर्ग वेगळे काढताच येत नाहीत. ज्याला आपण रान आणि पक्षी म्हणून बघतो ते पाणी कुठल्यातरी राजाने अडवलेलं असतं.

हत्तीसुद्धा याच तलावांवर जगतात, आणि इथे हंगाम कळीचा. मिन्नेरियाला शेकड्याने हत्ती जमतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात, तलाव आटून काठावर कोवळं गवत येतं तेव्हा. डिसेंबरात तलाव भरलेला, गवत बुडालेलं, हत्ती पांगलेले. तेव्हा ते शेजारच्या हुरुलूच्या जंगलाकडे सरकतात. म्हणून डिसेंबरात "मिन्नेरिया सफारी" असं छापील पॅकेज दिसलं तर समजा की हा कागद ऑगस्टमध्ये केलाय. हबरण्यात जीपवाल्याला एवढंच विचारा, आज हत्ती कुठे आहेत? दुपारी तीनला निघा. यालाला बिबट्या बघायला जाण्याची मग गरज उरत नाही. हत्तीवर बसवतो म्हणणाऱ्यांना मात्र नाही म्हणा.

कँडीबद्दल थोडक्यात. दंतधातूचं, म्हणजे बुद्धाच्या दाताचं, मंदिर संध्याकाळच्या पूजेला, ढोल वाजतात तेव्हा. दात दिसत नाही, करंडक दिसतो, तोही रांगेतून क्षणभर. हे मुलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर "दात कुठाय?" चालू होतं. खांदे-गुडघे झाकलेले, आणि बुद्धाकडे पाठ करून फोटो नाही. दुसऱ्या दिवशी पेरादेनियाची बाग, १८२१ ची, ज्येष्ठांसाठी आख्ख्या सहलीतला सगळ्यात आरामाचा दिवस. दांबुल्लाकडून कँडीला येताना वाटेत मातळ्याला मसाल्याच्या बागा लागतील. तिथे फुकट मालिश करून गुडघेदुखीचं तेल गळ्यात मारतात. सासूबाईंना सावध करा. रत्नांची दुकानंही तशीच. चालकाला तिथे दलाली मिळते, त्यात त्याचा फार दोष नाही, पण पहिल्याच दिवशी हसतमुखाने सांगून टाका की खरेदी करायची नाही.

कँडीहून पुढे प्रसिद्ध डोंगरी रेल्वे आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दितवा चक्रीवादळात याच डोंगरात मोठ्या दरडी कोसळल्या, रेल्वेमार्गालाही फटका बसला. म्हणून तुमच्या तारखांना कोणता टप्पा चालू आहे, रस्त्यांची स्थिती काय, हे बुकिंगआधी खात्री करून घ्या. जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका. गाडी चालू असेल तर एल्लापर्यंतचे सहा-सात तास न करता कँडी ते नानुओया, म्हणजे नुवारा एलियाचं स्टेशन, एवढंच करा, चारेक तास, तोवर चहाचे मळे पोटभर बघून होतात. सामान चालकाकडे द्या, तो रस्त्याने येऊन नानुओयाला उभा राहतो. आरक्षित जागा लवकर संपतात आणि अनारक्षित डब्यात दादर-ठाणे आठवेल. गाडी बंद असेल तर रस्त्याने रंबोड्यावरून या. वळणं पोटात ढवळतात, आलेपाकाच्या वड्या ठेवा. तिथे चिन्मय मिशनचं हनुमान मंदिरही आहे.

नुवारा एलिया १,८६८ मीटरवर. रात्री स्वेटर लागतोच, आणि लोक नेमका तोच विसरतात. अशोकवन मानतात ते सीता एलियाचं देऊळ गावाबाहेर ओढ्याकाठी आहे, शेजारी हकगलाची बाग. खडकातल्या खळग्यांना हनुमानाची पावलं म्हणतात. सासऱ्यांना एक आधीच सांगा, देऊळ लहान आहे आणि रंगीत दक्षिणी शिखरांचं. मनात चित्रवाणीवरची अशोकवाटिका घेऊन गेलेले हिरमुसतात. माझं मत विचाराल तर तिथे श्रद्धेने जावं, पुरावे मागू नयेत, आणि "रामायण मार्ग" नावाने पन्नास ठिकाणं विकणाऱ्या पॅकेजपासून लांब राहावं.

जेवणाचं. चिंता करू नका, पण एक शब्द पाठ करा: उंबलकड. वाळवलेल्या माशाचा चुरा. खोबऱ्याच्या सांबोलात, कधी पालेभाजीतही टाकतात, आणि टाकणाऱ्याच्या मते ती भाजी शाकाहारीच असते. एका हॉटेलात माझ्या गटातल्या आजींनी चटणी म्हणून दोन वेळा वाढून घेतली, मग मला कळलं. त्यांना मी आजतागायत सांगितलेलं नाही. तेव्हा "मस् एपा, माळु एपा, बित्तर एपा, उंबलकड एपा". मांस, मासे, अंडं, उंबलकड नको. बाकी ताट कोकणी माणसाला घरचं वाटेल. इंदीआप्पा म्हणजे आपल्या शिरवाळ्या, पोलोस म्हणजे कुयरीची, कोवळ्या फणसाची, भाजी, परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं वरण. आंबटपणाला घालतात तो गोरका आपल्या कोकमाचा भाऊबंद. शेवटी मातीच्या गाडग्यातलं म्हशीचं दही आणि त्यावर कित्तुलची काकवी. कित्तुल म्हणजे आपला भेरली माड. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाला लावतात, तिथे त्याचा रस आटवून दह्यावर ओततात. मुलगा रोज मागेल.

एजंटाला आता हे विचारा. २४ आणि ३१ च्या रात्री हॉटेलात सक्तीच्या मेजवानीचे पैसे दरात धरलेत का? बरीच हॉटेलं ती लावतात, माणशी, आणि जेवण बहुतेक मांसाहारी असतं. तुमची ३१ ची रात्र विमानात जात असेल तर एक वाचली. चालकाचं राहणं-जेवण कोणाकडे? प्रवेशशुल्क धरलंय का, आणि ते सार्क देशांच्या सवलतीच्या दराने धरलंय की परदेशी म्हणून पूर्ण? सवलतीसाठी खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका. पौर्णिमा तुमच्या तारखांत येते का तेही बघा. त्या दिवशी देवळांत पांढऱ्या कपड्यांची गर्दी असते. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत इतक्यांदा बदललेत की मी आज काही लिहिलं तर उद्या खोटं ठरेल. सरकारी संकेतस्थळावरच बघा, निघायच्या दोन आठवडे आधी पुन्हा. पैशाचं म्हणाल तर फेब्रुवारी २०२४ पासून आपलं यूपीआय तिथे चालतं, पण शहाळंवाल्याकडे सुटे लागतात.

म्हणजे थोडक्यात: त्रिंकोमाली, याला, एल्ला आणि दक्षिण किनारा बाद, अनुराधपूरऐवजी पोलोन्नरुवा, तीन-दोन-दोन रात्री, आणि विमानाच्या वेळेनुसार एक रात्र नेगोंबोला सरकेल. विमानाच्या वेळा कळवलीत तर दिवसागणिक मांडून देतो.

आणि हो, सासूबाईंसाठी पांढऱ्या जाड मोज्यांचे तीन जोड घ्या. देवळांत चपला बाहेर काढाव्या लागतात. दुपारी फरशी तव्यासारखी आणि सर येऊन गेली की निसरडी असते. मोजे घालून गेलेलं तिथे चालतं. तळाला रबरी ठिपके असलेले मिळाले तर उत्तम.